विद्यार्थिनींना औषध द्यायला शिकवताना: लॅबपासून बेडपर्यंतचा क्रम

आमच्याकडच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या कुठल्याही मुलीला झोपेतून उठवून औषध देण्याचे पाच नियम विचारा, ती धडाधड सांगेल: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. तीच मुलगी सकाळी आठच्या फेरीला एका ट्रेमध्ये सहा वाट्या बेडच्या क्रमाने मांडून निघते. कुठल्या वाटीत कुणाची गोळी हे फक्त तिच्या डोक्यात असतं. वाटेत कुणीतरी म्हणतं, "सिस्टर, सलाईन संपलं बघा," ती वळते, आणि परत येईपर्यंत डोक्यातला क्रम विस्कटलेला असतो.

तिला नियम पाठ असतात. कुठला नियम कुठल्या क्षणी हाताने करायचा, हे आपण शिकवलेलं नसतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात जाणाऱ्या शिक्षिका आणि ज्यांच्या ड्यूटीवर या मुली येऊन पडतात त्या सिनियर सिस्टर, दोघींसाठी हे लिहिते आहे. तुमच्या रुग्णालयाचा लेखी नियम यापेक्षा कडक असेल तर तोच पाळा.

१. वॉर्डात नेण्याआधी: लॅबमध्ये काय मांडायचं

लॅब म्हणजे कॉलेजमधली सरावाची खोली. तिच्यासाठी रिकाम्या स्ट्रिप, खोकी आणि वायल (इंजेक्शनच्या रबरी बुचाच्या छोट्या बाटल्या) वर्षभर जमवत राहा. वायलमध्ये साधं पाणी भरून वर ठळक 'सरावासाठी' लिहा. मुदत संपलेलं खरं औषध सरावाला घेऊ नका, ते एक ना एक दिवस कुणाच्या तरी ट्रेमध्ये पोचतं.

एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू मुद्दाम शेजारी ठेवा आणि मुलींना फसू द्या. फसायची जागा लॅबच. माझ्या दोन ठरलेल्या जोड्या आहेत. पहिली, डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम क्लोराईड. पोटॅशियमचा अँप्युल (मान फोडून उघडायची छोटी कुपी) पातळ न करता शिरेत ढकलला तर हृदय थांबतं, त्यामुळे तो पाण्याच्या अँप्युलच्या खणात कधीच नसावा. दुसरी जोडी प्रसूतिगृहातली: बाळाचं व्हिटॅमिन के आणि आईचं, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायचं मिथाईलएर्गोमेट्रिन. दोन्ही इवलेसे अँप्युल, दोन्ही एकाच गडबडीत लागणारे. आईचं बाळाला गेलं तर झटके येतात, श्वास मंदावतो. आई आणि बाळ यांचे ट्रे वेगळे, हे मी मुलींकडून हाताने मांडून घेते.

*तपासा:* लेबल न वाचता, फक्त झाकणाच्या रंगावरून कोण उचलतंय? तिला थांबवा आणि तोच खण पुन्हा लावायला सांगा. कंपनी बदलली की रंग बदलतो.

२. आकडे: मराठी शाळेतून आलेल्या मुलींसाठी वेगळा तास

आपल्या बऱ्याच मुली दहावीपर्यंत मराठी माध्यमात असतात. घाईत त्यांचा हात मराठी आकड्यावर जातो. मराठी एक हा इंग्रजी वाचणाऱ्याला नऊ दिसतो आणि मराठी चार हा आठ. चार्ट पुढच्या ड्यूटीला कन्नड माध्यमातून आलेल्या सिस्टरच्या हातात जाणार असतो. म्हणून चार्टवर, लेबलवर, तळहातावर टिपतानाही फक्त इंग्रजी आकडे. या लेखात मी मराठी आकडे वापरते आहे, वॉर्डात वापरत नाही.

त्याच तासाला शून्याचा नियम. पाच मि.ग्रॅ. लिहायचं तर ५ एवढंच, ५.० नाही, कारण टिंब पुसट झालं की ५० होतात. अर्धा मि.ग्रॅ. नेहमी ०.५ असा, पुढचं शून्य सोडलं की ५ वाचलं जातं. इन्शुलिनपुढे 'यू' हे एकटं अक्षर नको, ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० होतात. 'युनिट' हा पूर्ण शब्द लिहायला लावा.

३. गणित: दहापैकी दहा

औषधाच्या गणितात पस्तीस टक्क्यांना पास नसतं. दहा गणितं द्या, दहाच्या दहा बरोबर येईपर्यंत ट्रॉलीला हात नाही. सूत्र एकच: हवा असलेला डोस भागिले हाताशी असलेला डोस, गुणिले तो ज्यात आहे ते मि.ली.

सोपं: जेंटामायसिन ६० मि.ग्रॅ. द्यायचं आहे, अँप्युलवर २ मि.ली.मध्ये ८० मि.ग्रॅ. आहे. ६० भागिले ८० गुणिले २, म्हणजे १.५ मि.ली.

खरा घोळ पॅरासिटामॉलच्या बाटल्यांत आहे. १० किलोच्या बाळाला किलोला १५ मि.ग्रॅ. या हिशेबाने १५० मि.ग्रॅ. द्यायचं ठरलं. ५ मि.ली.त १२० मि.ग्रॅ. असलेलं सिरप असेल तर ६.२५ मि.ली. ५ मि.ली.त २५० असलेलं असेल तर ३ मि.ली. आणि थेंबांची बाटली, ज्यात १ मि.ली.लाच १०० मि.ग्रॅ. असतं, ती असेल तर फक्त १.५ मि.ली. आई म्हणते "एक चमचा देतो की," पण कुठल्या बाटलीतला, आणि घरातला कुठला चमचा? हे गणित मी तिन्ही बाटल्या टेबलावर ठेवून करून घेते. फळ्यावर केलं की विसरतात.

इन्शुलिनवर एक पूर्ण दुपार घालवा. आपल्याकडच्या बहुतेक वायलमध्ये १ मि.ली.ला ४० युनिट असतात, पण १०० युनिटच्या वायल आणि पेनही फिरतात. ४० च्या सिरिंजचं टोपण सहसा लाल आणि १०० च्या सिरिंजचं नारिंगी असतं. तरी रंगावर जाऊ नका, छापलेलं वाचा. १०० युनिटच्या वायलमधून ४० च्या सिरिंजने बाराच्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात ३० युनिट जातात, अडीच पट. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्शुलिन ओढायचं नाही, यालाही कारण हेच.

हेपॅरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, वायलवरही थांबायला शिकवा. ५ मि.ली.ची एक वायल मि.ली.ला १००० युनिटची, दुसरी मि.ली.ला ५००० युनिटची. मोठा आकडा वाचून 'अख्ख्या वायलमध्ये ५०००' असं समजणारी मुलगी दर बॅचला एक तरी निघते. दुसऱ्या वायलमध्ये २५,००० युनिट असतात.

सलाईनचं गणित: ५०० मि.ली. चार तासांत, सेट (सलाईनची नळी) मि.ली.ला २० थेंबांचा. ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, साधारण ४२ थेंब मिनिटाला. मायक्रो सेटला मि.ली.ला ६० थेंब. कुठला सेट हे पाकिटावर वाचल्याशिवाय गणित सुरू करू द्यायचं नाही.

*थांबा:* मोबाईलचा कॅल्क्युलेटर नंतर, आधी तोंडी अंदाज. एका अँप्युलपेक्षा कमी लागणार की जास्त? उत्तर तीन-चार अँप्युल किंवा पाच गोळ्या येत असेल तर जवळजवळ नक्की आपलंच काहीतरी चुकलंय.

४. दोन भाषांचा वॉर्ड

पुण्या-मुंबईच्या पुस्तकात हे प्रकरण सापडणार नाही. शिकवणं इंग्रजीत, आपसात बोलणं मराठीत, आणि पेशंट अर्धे कन्नड बोलणारे. त्यातला सगळ्यात फसवा शब्द 'मात्रे'. कन्नडमध्ये मात्रे म्हणजे गोळी. मराठीत मात्रा म्हणजे औषधाचं प्रमाण. 'एरडू मात्रे' म्हणजे दोन गोळ्या, दोन डोस नव्हे. मी वर्गात मात्रा हा शब्दच बंद केलाय, डोस म्हणतो सगळे.

आपल्या मराठीतले दीड, अडीच, सव्वा, पाऊण हे शब्द कन्नड घरातल्या मुलीला पटकन उमजत नाहीत, आणि विचारायला ती लाजते. ड्यूटी बदलताना हँडओव्हर देताना 'दीड गोळी' म्हणू नका. 'एक अख्खी आणि एक अर्धी' म्हणा, आणि तिच्याकडून परत बोलवून घ्या.

'परवा' हाही असाच. शेवटची गोळी कधी घेतली याला पेशंट "परवा" म्हणतो, पण पुढची तपासणी कधी यालाही "परवा"च. वार विचारा: सोमवारी का मंगळवारी?

चार वाक्यं प्रत्येकीच्या खिशातल्या कार्डावर हवीत. 'निम्म हेसर एन री?' म्हणजे तुमचं नाव काय. 'ऊट आतेन री?' म्हणजे जेवण झालं का. 'अलर्जी ऐतेन री?' म्हणजे ॲलर्जी आहे का. आणि गोळीला 'गुळगी' म्हटलेलं खेड्यातल्या आजीला लगेच कळतं. उच्चार बिघडला तरी चालेल, पेशंट हसून उत्तर देतात.

५. चार्ट वाचणं

अक्षर लागत नसेल तर विचारायचं ते लिहिणाऱ्या डॉक्टरलाच. शेजारच्या सिस्टरला नाही, मेडिकलवाल्याला तर अजिबात नाही. दोघी-तिघींनी मिळून लावलेला अंदाज शेवटी अंदाजच असतो.

वाचायचा क्रम ठरवून द्या: पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक, ॲलर्जी, औषधाचं नाव, डोस, मार्ग, वेळ, डॉक्टरची सही, आणि शेवटचा डोस खरंच दिला गेलाय का. ॲलर्जीची जागा कोरी असेल तर 'नाही' असं समजायचं नाही. कोरी म्हणजे कुणी विचारलेलं नाही.

ओडी (दिवसातून एकदा), बीडी (दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस (झोपताना), एसओएस (लागेल तेव्हा), स्टॅट (लगेच) ही अक्षरं मुलींना माहीत असतात. पण डोळ्यांच्या वॉर्डात ओडी म्हणजे उजवा डोळाही होतो, हे सांगायचं राहतं.

फोनवरची ऑर्डर विद्यार्थिनीने घ्यायचीच नाही. तुम्ही घ्याल तेव्हा तिला शेजारी उभी करा: ऐकायचं, लिहायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं, डॉक्टरचं 'हो' ऐकायचं. आकडा सुटा करून म्हणायचा, 'फिफ्टीन, एक पाच'. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी एकच ऐकू येतात.

*तपासा:* 'हे औषध या पेशंटला कशासाठी?' याचं उत्तर आलं नाही तर पुढे नाही. कारण कळलं की कुठली तपासणी आधी करायची तेही कळतं. हृदयाचं डिगॉक्सिन असेल तर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके. मोठ्या माणसाचे ६० च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरला फोन. गरोदरपणातल्या झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट असेल तर प्रत्येक डोसआधी श्वास, गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का ते आणि लघवी बघायची, आणि त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशी असायला हवं.

६. औषध काढणं

लेबल तीन वेळा वाचायचं: कपाटातून उचलताना, वाटीत किंवा सिरिंजमध्ये घेण्याआधी, आणि परत ठेवताना. तिन्ही वेळा चार्ट शेजारी उघडा हवा. मुली पहिल्यांदा नीट वाचतात, दुसऱ्यांदा नजर फिरवतात, तिसऱ्यांदा 'वाचलंय की बाई' म्हणतात. म्हणून मी तिसऱ्या वेळेला मुदतीची तारीख मोठ्याने म्हणायला लावते. तारीख न वाचता म्हणता येत नाही.

एका वेळी एकाच पेशंटचं औषध. सहा वाट्यांचा ट्रे हद्दपार. गोळी स्ट्रिपमधून बेडजवळच फोडायची. नाव छापलेला तुकडा आधीच कापून फेकला तर तपासायला उरतं काय?

सिरिंज भरली की लगेच लेबल. स्वतः भरलेली नसेल ती स्वतः द्यायची नाही, सांगणारी कितीही सिनियर असो. इथे मुलींची अडचण होते, मला कळतं. "सिस्टर म्हणाल्या दे म्हणून" हे वाक्य मी फार ऐकलंय. त्यांना एक तयार उत्तर द्या: "मॅडमनी स्वतः भरलेलंच द्यायला सांगितलंय." दोष तुमच्यावर येऊ द्या.

पातळ करताना कशात, हे वाचून. सेफ्ट्रिॲक्झोन हे अँटिबायोटिक रिंगर लॅक्टेट या सलाईनसोबत चालत नाही, त्या सलाईनमध्ये कॅल्शियम असतं. फिट्सवरचं फेनिटॉईन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) गाळ धरतो. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असलेली गोळी फोडायची नाही आणि नळीतून द्यायला कुटायची नाही. रात्रभर हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात जातं.

आणि नातेवाइकांचं काय? भेटायच्या वेळी ट्रॉलीभोवती पाच जण असतात. यावर एकच उपाय मला लागू पडला: औषध काढणारीच्या जोडीला दुसरी मुलगी उभी करायची. तिचं काम फक्त एवढंच, "काका, मी बघते चला" म्हणत सलाईनकडे जायचं. औषध काढणारी मान वर करणार नाही. मध्येच मान वर झालीच तर ते औषध पहिल्यापासून.

७. बेडजवळ

मी स्वतः शिकत असतानाची गोष्ट. एका रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात पंखा बंद पडला म्हणून एका आजोबांनी रात्रीच शेजारच्या रिकाम्या बेडवर मुक्काम हलवला होता. सकाळी त्यांच्या जुन्या बेडवर नवा पेशंट आला. मी बेड नंबर बघितला, "मारुती मामा ना?" म्हटलं, नव्या पेशंटने मान हलवली. गोळी हातात घेऊन ते म्हणाले, "माझी गोळी पांढरी असते की गं, ही तांबडी कशी?" नाव त्यांचंही मारुतीच होतं, आडनाव वेगळं. मला त्या माणसाने वाचवलं, माझ्या पाठ केलेल्या पाच 'योग्य' नियमांनी नाही.

त्यातून हे नियम. बेड नंबर ही ओळख नाही. 'तुम्हीच अमुक ना?' असा प्रश्न नाही. ताप, झोप, बहिरेपणा किंवा नुसता आदर, कशानेही मान हलते. 'पूर्ण नाव सांगा' म्हणायचं आणि सांगितलेलं नाव व नोंदणी क्रमांक चार्टशी आणि हातातल्या पट्टीशी जुळवायचा. आपल्याकडे एका गावचे दोन यल्लप्पा पाटील एका वॉर्डात असणं नवलाचं नाही. परशराम केसपेपरवर परशुराम होतो. बायकांचं माहेरचं नाव आधारकार्डावर आणि सासरचं तोंडी, असं असतं. नाव जुळलं नाही तर गोळी खिशात न टाकता सगळं घेऊन परत ट्रॉलीकडे.

मामा, मावशी, आज्जी जरूर म्हणा, माणूस मोकळा होतो. पण नाव विचारून झाल्यावर.

दुसरा प्रश्न पोटाचा. "सकाळधरनं काय खाल्लो न्हाई की, आज एकादशी." हे इन्शुलिन दिल्यानंतर कळून उपयोग नाही. एकादशी, सोमवार, सौंदत्तीच्या यल्लम्माची पौर्णिमा, या दिवशी इन्शुलिन आणि मधुमेहाच्या गोळ्यांआधी जेवणाचं ताट डोळ्यांनी बघायचं. उपवास असेल तर डोस देऊ नका आणि टाळूही नका, डॉक्टरला विचारा.

*थांबा:* पेशंट म्हणाला 'ही माझी नाही', 'ही मी मघाशी घेतली', तर त्याची समजूत काढायची नाही. चार्टकडे परत.

८. प्रत्यक्ष देणं

इथे मुली चांगल्या असतात, म्हणून थोडक्यात. गोळी उशाशी ठेवून निघायचं नाही, गिळेपर्यंत उभं राहायचं. जिभेखालची गोळी पाण्याबरोबर जाऊ द्यायची नाही. ढुंगणावर सुई मारायची सवय आपल्याकडे जाता जात नाही. तिथे सायटिक नस असते, मांडीची बाहेरची बाजू शिकवा, लहान बाळाला तर तिथेच. शिरेतलं औषध घड्याळ बघून, फेनिटॉईन मोठ्या माणसालाही मिनिटाला ५० मि.ग्रॅ.च्या वर नाही. वापरलेल्या सुईला टोपण परत घालायचं नाही.

शिरेतलं काहीही विद्यार्थिनी एकटी देणार नाही. तुम्ही चहाला गेला असाल तर औषध थांबेल.

९. नोंद

दिल्यावर लगेच, त्याच बेडजवळ. फेरी संपवून सगळ्या सह्या एकदम करायची पद्धत मोडा. ती मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण सिनियरही तेच करताना मुली बघतात. द्यायच्या आधी सही तर त्याहून वाईट: पेशंट एक्स-रेला गेला, गोळी राहिली, चार्ट म्हणतो दिली.

न दिलेल्या डोसचीही नोंद हवी: वेळ, कारण, कुणाला कळवलं. आणि अर्ध्या तासाने परत जाऊन बघायचं: ताप उतरला का, अंगावर पुरळ आलं का. इंजेक्शनचं पहिलं अँटिबायोटिक असेल तर सुरुवातीची काही मिनिटं तिथून हलायचंच नाही.

१०. चूक झालीच तर

पहिल्या दिवशीच सांगा, चूक झाल्यावर नाही: चूक लपवली तरच मी रागावेन. आणि मग खरंच रागावू नका, कारण बाकीच्या एकोणीस जणी तुमच्या तोंडाकडे बघत असतात.

क्रम असा. आधी पेशंट: शुद्ध, नाडी, बीपी, श्वास, लागेल तर साखर. सलाईनमधून जात असेल तर ते बंद, पण सुई काढायची नाही, उपचाराला तीच शीर लागेल. मग ड्यूटी डॉक्टर आणि इन-चार्ज सिस्टरला जे झालं ते जसंच्या तसं: कुठलं औषध, किती, किती वाजता. रिकामी वायल, स्ट्रिप, सिरिंज फेकायची नाही. केसपेपरवर काय दिलं गेलं आणि पुढे काय केलं तेवढंच लिहायचं, 'चुकून', 'घाईत' असले शब्द नाहीत. रुग्णालयाचा घटनेचा फॉर्म वेगळा भरायचा. नातेवाइकांशी डॉक्टर आणि तुम्ही बोलायचं, मुलीला पुढे करायचं नाही.

संध्याकाळी तिच्याबरोबर बसा आणि क्रमात कुठली पायरी सुटली ते तिच्याकडूनच काढून घ्या. बहुतेक वेळा उत्तर सहाव्या नाहीतर सातव्या टप्प्यात सापडतं. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली ट्रॉली तिलाच द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहून.